आधी तू सोड

हॅलो?… हाव, बोल चंदू… काय? अभिनंदन? अबे, तुले कसं समजलं? आत्ता तं घरी आलो मी, पायातले बूट बी नाही काढले अजून… कडूबानं सांगतलं असन. आमच्या कापसाच्या जिनिंगच्या गेटावर बसते, पन बातमी त्याच्या आधी मोताळ्यात कोनी पोचवत नाही.

बरं ते जाऊ दे. ऐक ना. पयले मले सांगू दे, मंग तू बोल.

हाव, देल्ला राजीनामा. टाइप करून, सही ठोकून… कोनाचा म्हनजे? माहा, या ज्ञानेश्वरचा. दुसऱ्या कोनाचा असन बे?… थांब ना, मधात नको बोलू.

मोतीरामशेठ चष्मा वर करून पाहूनच राह्यले. म्हने, बेचाळिसाव्या वर्षी कोनी घरी बसते काय? मी म्हनलं, शेठजी, बसासाठीच तं एवढी वर्षं धावलो. तं म्हने, कागद आजची रात खणात ठेवतो, सकाळपर्यंत इचार बदलला तं घेऊन जाय. मी काय म्हनलं माहीत हाये? म्हनलं, लोणचं घाला त्याचं.

हाव, असंच म्हनलं. शेठच्या तोंडावर.

हास, हास. तूच मले मख्खीचूस म्हने ना? तुह्या लग्नात जो कोट घातला, तोच छकुलीच्या बारशाले, तोच मागच्या साली दीपकच्या लग्नात. बाजार उठतानी भाजी घ्याले जाचो, तं तू चारचौघात म्हने, हा गाईच्या तोंडातली मेथी ओढून आनते… म्हनला होता, मी विसरलो नाही. तेच पैसे एसआयपीत गेले, बाबू. मागच्या दोन खोल्या त्यातूनच बांधल्या. खोल्यायचं भाडं हाये, वावर सालाच्या ठोक्यानं देल्लं त्याचे पैसे येतात. आता घरात एक पगार असला का झालं.

नाही ना, दोघायनं नाही सोडाचं. एकच. छकुली आठवीत हाये. तिची बारावी होईपर्यंत एकानं नोकरी कराची, मंग त्यानंही सोडाची. हे पक्कं ठरलं होतं अनुपमाचं आन माहं… अबे, सांगतो ना. तुले कायची घाई हाये?

उद्या? उद्या सकाळी दहा वाजता, सारे कामावर पळत असतानी, मी स्टँडवरच्या हॉटेलात बसून पेपर वाचीन. पयल्या पानापासून तं हरवले-सापडलेपर्यंत. आन दुसरा चहा मांगीन. एवढ्या वर्षांत मी दुसरा चहा कव्हा मांगतला काय, सांग बरं… मंग मिरचीच्या रोपायची नर्सरी. वावरातला धुऱ्याजवळचा तुकडा त्याच्यासाठीच ठेवला होता मी, ठोक्यात नाही देल्ला.

डबा? डबा कडूबाले देऊन टाकला. खरंच. गेटातून निघतानी हातात देल्ला, म्हनलं, घ्या कडूबाभाऊ, आपन आता घरी गरम जेवू. आन जिलेबी घेतली… हाव, मी. इकत. हलवाई बी मले खालून वर पाहे.

अनुपमाले? नाही सांगतलं अजून. शाळेतून आली का सांगतो, सरप्राइज… चालते बे तिले. मागच्या आठवड्यात बोलनं झालं ना. मी म्हनलं, आधी तू सोड. ती म्हने, पाहू… आता आपल्या इकडं कसं असते, आपन म्हनतो तुम्ही घ्या, समोरचा म्हनते नाही नाही, तुम्हीच घ्या. तसं मी मानापानाचं म्हनलं. तिले समजलंच असन.

काय थांब थांब करून राह्यला बे चंदू?

काय?… कडूबा भेटलाच नाही तुले?… मंग अभिनंदन कायचं करून राह्यला होता?… पुष्पांजलीवहिनीनं सांगतलं? आता वहिनी आन अनुपमा एका शाळेत शिकवतात हे खरं, पन माह्या राजीनाम्याचं शाळेत कोनाले…

माहा नाही?… अनुपमाचा?

कव्हा?… आज?… हेडबाईच्या टेबलावर नेऊन ठेवला?… थांब. थांब जरा, बसू दे मले.

मंजूर बी झाला? लगेच?… नवीन बाई वाटच पाहून राह्यली होती… उद्यापासून येते… बरं.

हाव, मंग? बोल तू.

खरं सांगू? मी तिले जिलेबी देऊन माहंच सांगनार होतो. जिलेबी हातातच हाये अजून.

काय म्हनली ती?… साऱ्या बायांपुढं? "आमच्या घरी ह्यायनं स्वतःहून म्हनलं, आधी तू सोड"… असं म्हनली?… आन रडली? काऊन?… खुशीनं. हं… "आता गरम पोळी बसून खाईन"… बस, एवढंच म्हनली?

हाव ना, चंदू. पाच वाजता उठते ती. माहा डबा, छकुलीचा डबा, स्वतःचा डबा. मंग दिवसभर फळ्यापुढं उभी. ती कव्हा बसून जेवते, हे मले आज तू इचारलं तं सांगता नाही येनार. मी म्हनलं होतं मानापानाचं, आन तिनं खरं मानलं. बरंच झालं खरं मानलं.

नाही, नाही. तिले काही सांगाचं नाही. वहिनीलेही नाही. तुले शप्पथ हाये.

अबे, नाराज कायचा? पाह्य ना, आमच्यातलं एक मानूस सुटलं! ठरवलं होतं तसं, सुटलं! एवढे लोकं हासले आमच्यावर, तू बी हासला, आन आमच्या घरातली बाई उद्या सकाळी आरामात उठन. मोताळ्यात दुसरं कोनी दाखव बरं असं. माहा नंबर बारावीनंतर. मिरची कुठं पळून जाते?

शेठ? कागद खणात हाये ना. सकाळी जातो नाक मुठीत धरून… हास, हास. लोणच्याचं म्हननारच तो, ठाऊक हाये मले.

जिलेबी तिच्यासाठीच आनली मी. तुनं मघाशीच फोनवर सांगतलं आन मी पळत गेलो हलवायाकडं. असंच झालं, समजलं? तू बी असंच सांगजो.

आन कडूबाले गाठ बे. तुह्या घरावरूनच जाते तो. तोंड बंद ठेव म्हना… आन एक काम कर… मले मांगाले कसंतरी वाटते… डबा वापस घे त्याच्याकडून. नवा घेतला तं तिले समजन… सकाळी येतो मी घ्याले. पोळ्या रुमालात बांधून आनीन… मीच करीन. वाकड्या होतीन, होऊ दे.

थांब, गेट वाजलं.

आली काय? ये, ये. पर्स ठेव, बस आधी… चंदूचा फोन हाये. त्यानं सांगतलं मले सारं… हाव, खरंच म्हनलं होतं मी. मनापासून… खाय, गरम हाये. बसून खाय… माहं? माहं काय, उद्या ड्यूटी हाये ना मले.

ठेवतो बे चंदू. ते डब्याचं इसरू नको.