पुसल्या गेलेली परवानगी

—नाई मावशी, तुमचं नाव कुठी नाई गेलं. पार्बताबाई, गाव पातूर, झेंडूचे क्रेट, सारं जागच्या जागी हाय. बसा. त्या खुर्चीवर नोका, तिचा पाय मोडला हाय — ह्या बाकावर बसा. आन मॅडम-बिडम नोका म्हनू, मंजुषा म्हना. कम्प्युटर बिघडला असं केशवरावनं सांगतलं ना तुमाले? ते इथले मॅनेजर हायेत, त्याइले सारं बिघडलेलंच दिसते. बिघडलं काईच नाई. रात्री लाइन गेली, मशीनी बंद पडल्या, सकाळी चालू केल्या — आन तवापासून गेटपास निघून नाई राहिला. गेटपास नाई तं कोल्ड स्टोरेजवाला दार उघडत नाई. एवढंच. एवढंच म्हनते खरी, पन तुमची फुलं उन्हात, मांगं मिनीडोर गाड्याइची रांग लागली, आन दसरा परवावर आला. समजते मले. फोन जरा इकडे सरकवा ना — अमरावतीवाले आज फोन करनार हायेत, नोकरीचं हाय, हो का नाई ते मले आजच सांगाचं हाय — जाऊ द्या, तुमचं पायते आंधी.

काय झालं म्हनता? आता कसं सांगू… पाहा, मशीनी दोन हायेत. एकीत वेबसाइट — तुमच्या सुनेनं मोबाइलवर नोंद केली ना, ते. दुसरीत डेटाबेस — म्हंजे साऱ्याइची नावं, बँकेचे खाते, आधार, सारं. पहिली दुसरीले इचारते, पार्बताबाईची नोंद हाय का? दुसरी म्हनते हाय. मंग पास निघते. पन पहिलीच्या दाराशी एक वाचमन बसवला रायते. सेलिनक्स म्हनतात त्याले, नाव नोका ठेवू ध्यानात. त्याचा नियम एकच — ज्याची परवानगी देल्ली नाई, ते बंद. वेबसाइटनं डेटाबेसशी बोलाचं का? मले कोनी सांगतलं नाई, मंग नाई बोलाचं. तो वाईट नाई हो मावशी! उद्या वेबसाइटमधी चोर घुसला, तं तुमच्या खात्यापर्यंत त्याले कोन जाऊ नाई देनार? हाच. केशवराव सकाळपासून डोकं खाऊन राहिले — त्याले हाकलून दे, वाचमनच बंद करून टाक, सारे असंच करतात. करतात ना. मी नाई करत. मंग म्हनतात मंजुषाबाई लय हट्टी.

हो हो, सापडलं आता. वाचमनलेच इचारलं, कोनाले अडवलं बापा — त्यानं सरळ नाव सांगतलं. मायाआंधी इथं विपुल होता, आता पुन्याले गेला. हुशार पोरगा, पन घाईचा. परवानगी त्यानं देल्ली होती, पन तेवढ्यापुरती. कमांड मारताना त्यात एक मोठा पी टाका लागते, परमनंटचा. तो टाकला का मशीन इचार करत बसते, मिनिटभर पडद्यावर काईच दिसत नाई, मानसाले वाटते अडकलं. नाई टाकला तं काम चुटकीसरशी. विपुलनं नाई टाकला. साइट चालली, केशवरावनं पेढे वाटले, झालं. पन तशी परवानगी मशीन चालू हाय तोवरच. बंद होऊन चालू झाली का पुसल्या जाते, वाचमन पुन्हा पहिल्या दिवसासारखा अनोळखी. मंग इतकी वर्षं काहून समजलं नाई? कारन मशीन बंदच नाई झाली कधी — इन्व्हर्टर होता ना! यंदा इन्व्हर्टरनं जीव सोडला.

मारली पाहा कमांड. पी टाकून. आता थांबा जरा, वेळ घेते ते.

थकल्यावानी दिसते म्हनता? थकलीच हाय. बार्शीटाकळीहून उभ्यानं आली बसमधी, आल्यापासून चहा नाई. आन इथं मी एकटी — सुट्टीच्या दिवशी देवघरातून फोनवर सांगत बसते, ते बटन दाबा, ते नोका दाबू. अमरावतीले असं नाई. तिथं सर्व्हर लय, पन मानसंही लय. कोनी तरी म्हनन, मंजुषा तू जा घरी, मी पायतो. एवढंच पायजे मले, दुसरं काई नाई. घरचे? घरचे चांगले हायेत ना वं. माये सासरे, शालिकराम — मामाजी सोताहून गाडीवर सोडून देतात मले स्टँडवर. लग्नातच म्हनले होते, सून नोकरी करन. मंग सासूबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तवा पुन्हा इचारलं — जाऊ का कामावर? म्हनले, जा. नणंद बाळंतपनाले आली, पुन्हा इचारलं. सोयाबीनची सोंगनी लागली, पुन्हा. घरात काई हाललं का इचारा लागते. नाई कोनीच म्हनलं नाई आजवर, खोटं काहून बोलू? आमचे हे — शेखर — म्हनतात, इचारलं तं काय झिजते तुयं, हो म्हनतातच ना. म्हनतात ना! म्हनूनच तं कोनाजवळ रडता येत नाई. पन लय थकते मी मावशी, त्या इचारन्यानं. बसनं नाई थकत एवढी.

हसून काहून राहिल्या? काय? कोनता वाचमन? — नाई वं बाई, ते मशीनचं सांगत होती मी.

बरं, तुमी सांगा, कपाशी काढून झेंडू लावला तवा कोनाले इचारलं होतं? …कोनालेच नाई? आन तुमचे घरचे मालक? आठ दिवस बोलले नाई! मंग? मंग जेवाले बसले — हे बरं हाय! तसंच करते मीही. खरं सांगू, आज बसमधीच ठरवलं मी. फोन आला का हो म्हनाचं. घरी गेल्यावर सांगाचं. इचाराचं नाई, सांगाचं. शेखर रागावन, मामाजी दोन दिवस गप बसतीन, सासूबाई भांडे आपटतीन — आपटू द्या. लग्नाले पंधरा वर्षं झाली, इचारता इचारता मले…

निघाला! ऐका ना, प्रिंटर चालला! घ्या, हा तुमचा पास. आता लाइन जावो का मशीन बंद पडो, नाई पुसल्या जात. केशवराव, पाठवा बापा पुढचा नंबर — थांबा, थांबा, फोन. अमरावतीच हाय. बसा मावशी एक मिनिट.

हॅलो. हो सर, मंजुषाच बोलतेय. …हो. हो, इच्छा तर आहेच सर. …पुढच्या सोमवारपासून? जमेल ना. …नाही नाही, तसं नाही सर, अडचण काहीच नाही. फक्त… आजची संध्याकाळ थांबाल का? घरी एकदा विचारून सांगते.

…काय पाहून राहिल्या मावशी? पास भेटला ना तुमाले? जा मंग. फुलं सुकून राहिली.