आजाऱ्यांच्या नावांत आत्यांचं नाव

पाळकसाहेब, मंडळीतले भाऊबहीण, आन् दुकानं बंद करून आलेले सगळे शेजारी, तुमी आलात, लई बरं वाटलं. मला बोलता येत न्हाय. मला एका जागी उभं राहतासुद्धा येत न्हाय, हे माझ्या गॅरेजवर आलेल्या कुणालाबी विचारा.

रूथआत्या माझ्या वडिलांची बहीण. उमरग्यात आमची ख्रिस्ती घरं मोजकीच. पाळकसाहेब महिन्यातनं एकदा येणार. मग मधल्या दिवसांचं काय? आत्या म्हणायच्या, मधल्या दिवसांसाठीच तर चर्चनं रोजची प्रार्थना पुस्तकात छापून दिलीय. एक सकाळची, एक संध्याकाळची. हे अँग्लिकन, म्हंजे इंग्लंडच्या चर्चचं, वळण त्यांना त्यांच्या आईनं लावलेलं. आत्यांनी ते कधी मोडलं न्हाय.

मोतीबिंदू झाला तवा मला म्हणाल्या, "माझं डोळ्याचं जमंना. तू वाच." वाचायला लागलो. ऑपरेशन झालं, चष्मा आला. मी म्हटलं, आत्या, आता दिसतंय की तुमाला. त्या म्हणाल्या, "दिसतंय. वाच."

मी वैतागायचो. बाहेर ट्रकवाला हॉर्न मारतोय आन् मी इथं स्तोत्र वाचतोय. एकदा विचारलंच, रोज तेच शब्द, आन् माझं ध्यान सगळं क्लचप्लेटात. काय अर्थ हाय याला? त्या म्हणाल्या, "ध्यान लागल्यावर बसायचं म्हणशील तर जन्मात बसणार न्हाईस. शब्द म्हण. मन येईल मागनं." मन काय रोज आलं न्हाय. पण पुढं पुढं बसलो न्हाय की दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

प्रार्थनेत आजाऱ्यांची नावं घ्यायची जागा असते. तिथं तुमची सगळ्यांची नावं येऊन गेलीत, बरं का. कुणाची सून बाळंतपणात अडली, कुणाचा पोरगा गाडीवरनं पडला. आत्यांनी जातधर्म कधी विचारला न्हाय. शेवटी शेवटी त्या पलंगावरनं उठंनात, तवा मी तिथं त्यांचंच नाव घ्यायला लागलो.

माती दिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बसलो. आजाऱ्यांच्या नावांपाशी आलो आन् सवयीनं म्हणून गेलो, आमच्या रूथआत्यांना बरं कर. त्यांच्या रिकाम्या पलंगाकडं बघितलं. पुस्तक मिटलं.

त्याच्या पुढं, प्रभूमध्ये झोपी गेलेल्यांची, म्हंजे वारलेल्यांची, नावं असतात. आत्यांचं नाव उचलून तिथं न्यायचं होतं. न्हाय जमलं मला. तवापासनं मी प्रार्थनेला बसलो न्हाय. सकाळी उठतो, अंगणात येरझाऱ्या घालतो, गॅरेज उघडतो, पाने-पक्कड पुसतो, परत घरी येतो. कशातच जीव रमत न्हाय. लई राग येतो, पण तो कुणावर काढायचा? सांगा, काय करायचं मी?

घरात एकट्यानं व्हईना, म्हणून तुमच्यात म्हणतो. उभे राहता का जरा सगळे? ज्यानं त्यानं आपल्या देवाचं नाव मनात घ्या.

प्रभू, तुझ्यात झोपी गेलेल्यांत आमच्या रूथआत्या हायेत. त्यांना तुझ्यापाशी ठेव.

झालं. उद्या सकाळी हेच परत म्हणायचंय मला, घरात, एकट्यानं. बसा आता सगळे.