भिंगरी गल्लीतले सगळे रंगनाथ

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय आप्पासाहेब, प्रकाशक माधवराव, सत्कारमूर्ती विमलाबाई, आणि पंख्याखालच्या खुर्च्या वेळेआधी येऊन पकडलेल्या तमाम रसिकहो,

सत्कारमूर्ती माझ्या पत्नी आहेत. घरी मी एकेरीत बोलतो, इथं तसं करायचं नाही असं माधवरावांनी बजावलंय. बाईंच्या 'भिंगरी गल्ली' या बालकथामालेचं शेवटचं पुस्तक आज निघतंय. आता लिहिणं बंद, असं त्यांनी जाहीर केलंय. मुलं कॉम्प्युटरवर बसतात, वाचतंय कोण, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांनी ते मान्य केलं. मला कोणी विचारलं नाही, म्हणून आज माईक मागून घेतला.

वाचक नेहमी विचारतात, या मालेतला प्रत्येक चोर, लबाड आणि वेंधळा माणूस रंगनाथच का? बाईंना दुसरं नाव सुचत नाही का? सुचतं हो. पहिल्या पुस्तकात आंबेचोराचं नाव वैजनाथ होतं. कर्वेनगरला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक वैजनाथ राहतात, हे बाई विसरल्या. ते पुस्तक घेऊन वर आले, चहा घेतला आणि शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे आंबे विकत आणतात." दुसऱ्या आवृत्तीत चोराचा हिंदुराव केला, तोवर सोसायटीच्या चेअरमनपदी हिंदुराव नावाचेच गृहस्थ निवडून आले. फलकावर सूचना लागली: 'लेखक सभासदांनी पात्रांसाठी स्वतःच्या घरातील नावे वापरावीत.' आमच्या घरात बाई, दोन मुली, आणि पुरुष एकच. तो रंगनाथ म्हणजे मी.

तिथून माझी कारकीर्द सुरू झाली. एसटीडी बूथवर लोकांचं बोलणं कान देऊन ऐकणारा रंगनाथ. केबल आली, तेव्हा ऐन मॅचमध्ये वायर तोडणारा रंगनाथ. तळं बुजवून इमारत उठवणारा बिल्डरही मीच. हिंजवडीत कंपन्या आल्या तशी मला बढती मिळाली. सगळ्या ऑफिसचा पासवर्ड विसरून बसलेला मॅनेजर झालो. प्रत्यक्षात मी पोस्टात होतो आणि नोकरीत कधी काही विसरलो नाही. घरचं विचारू नका, बाई बघतायत.

एका लग्नात माझं नाव कळल्यावर एक चिमुरडी जेवण होईपर्यंत स्वतःच्या चपलांवर बसून राहिली. थोरली पूर्णिमा आयटीत आहे. तिच्या ऑफिसातली मंडळी लहानपणी हीच पुस्तकं वाचलेली. घरी आली की मला नमस्कार करतात आणि टेबलावरचे मोबाइल उचलून खिशात ठेवतात. मला राग येत नसे का? यायचा. एकदा बाईंना म्हटलं, निदान एका पुस्तकात मला हेडमास्तर करा. त्या म्हणाल्या, "मुलांना पटणार नाही."

हे शेवटचं पुस्तक हाती आल्यावर मी चष्मा लावून पानन् पान पाहिलं. रंगनाथ कुठंच नाही. विचारलं, तर बाई म्हणाल्या, "आयुष्यभर तुम्हाला चोर केलं. आता म्हातारपणी तरी अब्रूनं राहा."

मंडळी, मला फार वाईट वाटलं. दुपारी मी बाहेरच्या खोलीत पडलेला असायचो आणि आत लिहिता लिहिता या एकट्याच हसायच्या. तो आवाज आला की समजायचं, रंगनाथ कुठंतरी शेणात पडला. मग मला छान झोप लागायची. हल्ली त्या आतल्या खोलीत दुपारी कोणी जात नाही. आम्ही दोघं टीव्हीवर मालिका बघतो, आणि तिथं सगळे रडत असतात. मुलं वाचतील न वाचतील, मला तो आवाज परत हवाय.

म्हणून अध्यक्षांच्या साक्षीनं विनंती करतो, बाई, आणखी एक पुस्तक लिहा. मला विहिरीत ढकला, गाढवावरून फिरवा, माझी काही हरकत नाही.

अध्यक्षांचे, माधवरावांचे, आणि अजून न उठलेल्या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपण सर्वांनी माफ करावं. विमलाबाईंनी मात्र करू नये. त्यांनी पुढच्या पुस्तकात काय ती शिक्षा द्यावी. नमस्कार.