दुसरं कडवं

धाकटा : वहिनी, तुमच्या नवऱ्याला विचारा, माझे हात कापायच्या आधी मला विचारायची काही पद्धत आहे की नाही.

वहिनी : तो समोरच बसलाय, भाऊजी.

धाकटा : मी भिंतीशी बोलत नाही.

थोरला : सांग त्याला, हात कापले नाहीत. सरळ केलेत.

वहिनी : मी या बँडमध्ये बेस वाजवते, टपाल वाटत नाही. गाडीत सगळा रस्ताभर हेच केलं. मला आता गाण्यापुरता तरी घसा ठेवा.

धाकटा : आपली पहिली रेकॉर्ड नव्यानं निघतेय. उद्या छापायला जाणार. आणि त्यातल्या ‘कडी लाव’मधल्या माझ्या ड्रमला यानं कॉम्प्युटरवर बसून इस्त्री केलीय. मला कधी कळलं? आत्ता. साउंडवाल्यानं हॉल तपासायला गाणं लावलं तेव्हा. मी तिथे केबल गुंडाळत होतो. म्हटलं, हे कोण वाजवतंय आमचं गाणं? वाजवतात छान, पण अंगात जीव नाही.

थोरला : ते गाणं दुसऱ्या कडव्यापासून सुटतं, पळायलाच लागतं. आजचं नाही, जन्मापासूनचं आहे. सगळ्या जगाला माहीत आहे.

धाकटा : जगाला तू सांगितलंस म्हणून. दर मुलाखतीत तेच. ‘धाकट्याचे हात पळाले, मी मागून धावलो, आणि आमची शैली जन्माला आली.’ मग हशा. मग तू केसांतून हात फिरवतोस.

थोरला : खोटं आहे का?

धाकटा : कंपनीला फोन लाव. सांग, जुनं गाणं जसंच्या तसं जाईल. नाहीतर संध्याकाळी त्या स्टुलावर मी नसेन. तुझा कॉम्प्युटर बसव तिथे, त्याला घामही येत नाही.

थोरला : झाली धमकी? दौरा म्हटला की एकदा ही यायचीच. मागे गेला होतास की सोडून. काढलीस ना एकट्याची रेकॉर्ड? आईनंसुद्धा घेतली नाही ती.

धाकटा : आईनं घेतली नाही, पण ऐकली. तुझं गाणं लागलं की ती नळ सोडायची.

वहिनी : बँडमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा मी या ड्रमवाल्याला ‘ए टिपऱ्या’ म्हणायचे. लग्न झालं आणि भाऊजी म्हणायला लागले. वाटलं होतं, हाक बदलली की भांडण तरी नवं मिळेल.

धाकटा : वहिनी, आज नवंच आहे. आजवर यानं मला तोंडानं खोडलं, आता टेपवरून खोडतोय. मी त्या गाण्यात आहे म्हणजे त्या सुटण्यातच आहे. बाकी काय, ढबढब तर कुणीही करतं.

थोरला : चूक केली आणि आता तिची पूजा मांडलीय.

धाकटा : बरं. ते गाणं रेकॉर्ड केलं तेव्हा तू कुठे उभा होतास?

थोरला : घरी मागच्या खोलीत, आणखी कुठे? भिंतींना गाद्या टेकवल्या होत्या.

धाकटा : तोंड कुणीकडे?

थोरला : तुझ्याकडे. तुझ्यावर लक्ष ठेवायला नको?

धाकटा : म्हणजे पाठ खिडकीला.

थोरला : असेल. मग?

धाकटा : मला खिडकीतून रस्त्याचं वळण दिसायचं. पहिलं कडवं संपलं आणि वळणावर बाबांची सायकल आली. त्या दिवशी ते कामावरून लवकर सुटले होते. आता फाटक उघडणार, सायकल आत घेणार, अंगणात आले की ऐकणार. त्याच्या आत गाणं संपायला हवं होतं.

वहिनी : मग थांबायचं ना.

धाकटा : टेप उसनी होती, तिचा शेवटचा तुकडा चालू होता. थांबलो असतो तर ते गाणं आजवर अर्धंच राहिलं असतं. आणि याला खिडकी दाखवली असती, तर हा काय थांबणार होता? गिटार गळ्यात घालून दारात जाऊन उभा राहिला असता. आधीच्या गिटारीचं काय झालं होतं ते विचारा याला.

थोरला : बाबांनी मोरीच्या दगडावर फोडली.

धाकटा : आणि मग?

थोरला : मग काही नाही.

धाकटा : मग याचं बोट. अजून वाकत नाही ते. म्हणून हा सगळा जन्म तीनच कॉर्ड वाजवतो, आणि लोक लिहितात, काय हा साधेपणा, हेच खरं पंक.

थोरला : त्या दिवशी तू शेवटची थाप मारलीस आणि म्हणालास, गिटार पलंगाखाली टाक, मला भूक लागलीय.

धाकटा : भूक नव्हती लागली.

थोरला : आणि हे मला इतक्या वर्षांत सांगितलं नाहीस.

धाकटा : बाबा होते तोवर कसं सांगणार? त्यांच्या आजारपणात उशाशी बसून भांडला असतास. ते गेल्यावर तुझी गोष्ट तयार झालेली होती. लोक हसत होते. म्हटलं, हसू देत.

थोरला : आणि आज उपकारांची पाटी घेऊन आलास.

धाकटा : आज तू ते पुसलंस म्हणून आलो.

(दारावर थाप पडते.)

वहिनी : येतो रे आम्ही. साउंडवाल्याला म्हणावं, माइक लावून ठेव. कुणी मेलं नाही अजून.

धाकटा : मला एकच कळत नाही. ते चूक होतं, तर मागच्या वर्षीपर्यंत कसं चाललं? आत्ताच काय झालं?

थोरला : माझे कान सुधारले.

वहिनी : सांग त्याला.

थोरला : तू तुझा बेस जुळव.

वहिनी : मग मीच सांगते.

थोरला : हे बघ, तोंड उघडलंस तर—

वहिनी : तर काय? तुझं तोंड मीच तर चालवतेय. भाऊजी, न्यूमोनिया झाल्यापासून याला दम पुरत नाही. पहिलं कडवं कसंबसं काढतो. दुसऱ्याला नुसते ओठ हलवतो. साउंडवाला याचा माइक बारीक करतो आणि मी माझ्या माइकवर खालच्या पट्टीत ते ओढून नेते. तुम्ही मागे त्या ढणढणाटात बसलेले, तुम्हाला कुठून कळणार?

धाकटा : मला वाटलं, तुम्हाला गायची हौस आलीय.

वहिनी : या आवाजात?

थोरला : झालं समाधान? जा आता, गावभर सांग.

धाकटा : म्हणजे आधी रेकॉर्ड सरळ करायची. मग स्टेजवरही रेकॉर्डसारखंच सरळ, सावकाश वाजवायचं, तुझा दम पुरेल असं. कुणी विचारणार नाही. विचारलंच, तर तू सांगणार, धाकटा सुधारला.

थोरला : हो. तसंच सांगणार होतो.

धाकटा : मला विचारायला तुझं काय जात होतं?

थोरला : तुला? मी कधी तोंडावर आपटतो, याची इतकी वर्षं वाट बघतोयस तू.

धाकटा : बघतोय. पण गाण्याच्या मधे नाही.

थोरला : मला तुझी कीव नको.

धाकटा : तुझी कीव करायला दुसरा माणूस आण. मला जमणार नाही. फोन लाव, रेकॉर्ड जुनीच जाईल. त्यात बाबा वळणावरून येतायत, त्यांना तसंच येऊ दे.

थोरला : आणि स्टेजवर? दुसरं कडवं सुरू झालं की समोरची पोरं धावायला लागतात. त्यासाठीच येतात ती. त्यांना काय सांगू? माझं फुप्फुस दाखवू?

धाकटा : स्टेजवर मी हळू वाजवीन.

थोरला : रेकॉर्डवर पळायचं आणि स्टेजवर रांगायचं? लोक म्हणतील, ड्रमर म्हातारा झाला.

धाकटा : म्हणतील.

थोरला : लिहितील.

धाकटा : तूही सांग मुलाखतीत. सवय आहे तुला.

वहिनी : मी कंपनीवाल्याला फोन लावलाय, लागलाही. कोण बोलतंय दोघांपैकी? मी नाही बोलणार, आधीच सांगते.

थोरला : दे इकडे. हॅलो. हो, मीच. ते ‘कडी लाव’ आहे ना, मी पाठवलेलं लावू नका. जुन्या टेपवरचं लावा. हो, ते पळतं तेच. नाही. नाही हो, चूक नाहीये ती. तशीच आहे. ठेवतो.

वहिनी : माइक लागले असतील. मी पुढे होते. तुम्ही एकमेकांची डोकी फोडणार असाल तर आवाज न करता फोडा, बाहेर लोक यायला लागलेत.

धाकटा : मी पण निघालो.

थोरला : ऐक.

धाकटा : काय?

थोरला : दुसऱ्या कडव्याआधी थोडा थांब.

धाकटा : किती?

थोरला : मी तोंड उघडेपर्यंत.