पट्ट्याच्या दगडाअलीकडं

आमचं गाव लोधिवलीच्या जवळच, जुन्या हायवेवरनं आत वळलं की, आनि आमच्या घरामागच्या शेताखालनं तेल जातं. हसू नका, खरंच जातं. मुंबईकडनं निघतं आनि घाट चढून पुन्याकडं जातं, पेट्रोल म्हना, डिझेल म्हना, जमिनीखालच्या पायपातनं. मी ल्हान व्हतो तवा तो चर खनला, माझा बाप त्या चरावर मजुरीला व्हता, आनि आय सांगायची, बाप संध्याकाळी घरी येऊन म्हनायचा, आता वरनं आपलं भात आनि खालनं मोटारींचं जेवन. बाप लवकर गेला. मी मोठा झालो, चौक गावच्या शाळंत धावीपर्यंत शिकलो, चार ठिकानी हेल्परकी केली, आनि मंग त्याच लायनीवर चालायची नोकरी लागली.

चालायची नोकरी म्हंजे चालायचीच. काय सांगू तुमाला, लोकांना पटायचं नाय. लगीन झालं तवा मंदाच्या, म्हंजे माझ्या बायकोच्या, मावशीनं तिला इचारलं, जावई काय करतात गं, तर ही म्हनाली तेलाच्या लायनीवर हायेत, चालतात. मावशी म्हनाली, चालतात ते दिसतंय गं, काम काय करतात? अजून घरात कोनी आलं की मंदा हा किस्सा सांगते, आनि मी चहा घेऊन भायेर जातो.

तर काम असं. पाइप जिथनं गेलाय त्याच्या दोन्ही अंगाला दगड रोवलेत, मधल्या जागेला आमी पट्टा म्हनतो. जमीन शेतकऱ्याचीच, पन पट्ट्यात झाड लावायचं नाय, हीर खनायची नाय, घर बांधायचं नाय. आमी रोज सकाळी नारंगी जाकीट घालून, गळ्यात यंत्र अडकवून चालायचं, कुटं माती उकरलीय का बघायचं, वास येतोय का बघायचं. चोर लोक पायपाला भोक पाडून तेल काढतात म्हनून अनोळखी मानूस दिसला की थांबवायचा आनि तीन गोष्टी इचारायच्या, नाव काय, गाव कुठलं, हितं काय काम. मंग त्याचा फोटो काढून हापिसला पाठवायचा. रिकामा मानूस लायनीवर नको, हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की झोपेत पन बोलायचो म्हने.

माझा जोडीदार जानू. ठाकराचा, डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतला, माझ्यापेक्षा ल्हान, बोलायला कमी. तो साजगावच्या अंगानं चालत यायचा, मी हिकडनं जायचो, आनि मधल्या ओढ्याजवळ आमची गाठ पडायची. पयल्या सुपरवायझरनं एक रीत घालून दिली व्हती. गाठ पडली की काठ्या बदलायच्या. माझी काठी त्याच्याकडं, त्याची माझ्याकडं, म्हंजे दोघं बी ओढ्यापर्यंत चालले याची खात्री. फुडं ते गळ्यातलं यंत्र आलं, हापिसात बसल्या जागी त्यांना आमी कुटं हाय ते दिसाया लागलं, काठीची गरज संपली. पन आमी बदलतच ऱ्हायलो. काठ्या बदलायच्या, मंग दगडाजवळ बसून भाकरी खायची, त्याच्याकडं नाचनीची, माझ्याकडं तांदळाची, आनि कालवन अर्धं अर्धं. कधी कधी सगळ्या जेवनात त्यो चार शब्द बोलायचा, त्यातला एक मीठ.

नोकरी कंपनीची नव्हं, ठेकेदाराची. ठेकेदार बदलला की जाकीट बदलायचं, आतला मानूस तोच. दर खेपेला यादी बघाया जायचं, ह्या वेळी नाव ऱ्हातंय का जातंय, आनि दर खेपेला ऱ्हायचं. मंग इलेक्ट्रिक गाड्या आल्या. मंदाचा भाचा नवी स्कूटर घेऊन दाखवायला आला, आवाज नाय, धूर नाय, म्हनाला मामा आता पेट्रोलचं काम संपलं. भाच्याला चहा दिला, पन त्या स्कूटरकडं मी वळून बघितलं नाय. राग यायचा हो. गाडीचा काय दोष, पन यायचा.

आनि मंग नवा ठेकेदार आला त्यो ड्रोन घेऊनच आला. मानसं निम्मी करायची ठरली. सुपरवायझर नवीन, वाईट नव्हता, त्याला सांगायला जड जात व्हतं म्हनून घाईघाईनं बोलला, तुमच्या दोघांत एकच ऱ्हाईल, कोन ते तुमीच ठरवा आनि मला कळवा. आता सांगा, हे काय ठरवायचं काम हाय? बैल विकायचा असता तर ठरवला असता.

आमी दोघं ओढ्यावर बसलो आनि त्या गोष्टीवर बोललोच नाय. दुसऱ्या दिशी पन नाय. मंग जानूनंच तोंड उघडलं, म्हनाला, दादा, तू ऱ्हा, मी रानात जाईन, वीटभट्टीवर जाईन, मला सवय हाय. मला नोकरी पायजे व्हती, कशाला खोटं बोलू, घरात दुसरा पगार नव्हता. पन त्याची पोरगी नुकतीच नर्सिंगला लागली व्हती, वाडीतली पयली. मी म्हनलं, बघू. आमी काय कळवलं नाय, आनि सुपरवायझरनं आपलं आपन ठरवलं. कमी वयाचा म्हनून जानू ऱ्हायला.

मला जानूचा राग आला. मला म्हनाला तू ऱ्हा, मंग सायबाफुडं तेच का बोलला नाय? हे माझ्या डोक्यात बसलं ते उतरंना. शेवटच्या दिशी मी भाकरी न खाता उठून आलो, काठ्या बदललेल्या तशाच ऱ्हायल्या. दोन दिसांनी तो घरी आला, माझी काठी घेऊन. मी मागच्या पडवीत बसून मंदाला खुनेनं सांगितलं, घरात नाय म्हन. मंदा त्याला म्हनाली, भाऊ, घरातच हायेत, पन आज घरात नायेत. काय ते त्यो समजला. काठी न ठेवताच गेला.

मंग मी साजगावच्या कारखान्यांच्या गेटवर फिरलो. वय इचारायचे आनि नंबर लिहून घ्यायचे, फोन कुनाचा यायचा नाय. पन सकाळ झाली की पाय ऐकायचे नाय हो. बूट घालून बसायचो. मंदा म्हनायची, कुटं निघाले? मी म्हनायचो, चालाया. ती म्हनायची, आता फुकटच?

एकदा रातभर पाऊस झाला आनि सकाळी मी ओढ्याकडं गेलो. का गेलो ते इचारू नका. बघतो तर पट्ट्यातली माती वाहून गेलेली, वरची पिवळी पट्टी उघडी पडलेली, पायपाच्या वर पुरतात ती, खाली लायन हाय म्हनून सांगायला. मी खाली बसलो आनि दोन्ही हातांनी पट्टीवर माती वढाया लागलो. वर भुंगा फिरल्यावानी आवाज आला. ड्रोन व्हता. आनि मी, काय सांगू, त्याला हात केला, वळखीच्या मानसाला करतात तसा.

जरा वेळानं शिट्टी ऐकू आली. जानू पळत येत व्हता, नारंगी जाकीट, हातात माझी काठी. त्याला हापिसचा फोन गेलेला, एक मानूस लायन उकरतोय, बघ. जवळ आला आनि मला बघून उभाच ऱ्हायला. फोनमधनं आवाज येतच व्हता, कोन हाय, कोन हाय, इचार त्याला. जानू फोन हातानं झाकाया लागला. मला समजलं, ह्यानं मला तसंच सोडलं तर ह्याची बी नोकरी जाईल, वर बघनारा बघतच व्हता. मी म्हनलं, जानू, इचार रं. इचारायचं असतं.

त्यानं इचारलं, नाव काय? मी पुरं नाव सांगितलं, बापाचं घेऊन. गाव कुठलं? सांगितलं. हितं काय काम?

इतकी वर्सं लोकांना इचारलं, कुनी म्हनायचं गुरं शोधतोय, कुनी म्हनायचं मासे धरतोय, कायतरी असायचंच. मी म्हनलं, काय नाय. काय काम नाय.

मंग मीच म्हनलं, फोटो काढ. शर्टाची माती झटकली, बटन लावलं आनि पट्ट्याच्या दगडाला लागून उभा ऱ्हायलो. पयल्या फोटोत माझं डोकंच आलं नाय, मी म्हनलं, नीट काढ, पयल्यांदा काढतोस का? तवा त्यो रडाया लागला, आनि रडत रडत दुसरा काढला. फोटो पाठवल्यावर फोनवर म्हनाला, सायेब, वळखीचा हाय, आपलाच जुना मानूस, माती सारत व्हता. तिकडनं म्हनाले, ठीक हाय, पन त्याला भायेर काढ. मी सोताच भायेर आलो. दगडाच्या अलीकडं. राग कुटं गेला मला म्हाईत नाय, पन त्या दिशी घरी गेलो तवा तो संगती नव्हता.

आता मी कर्जतच्या रस्त्याला एका फार्महाऊसवर माळी हाय. मंदा म्हनते, जन्मभर लोकांना झाडं लावू नका सांगितलं, आता लावा. पगार कमी हाय, मालकानं जागा इकली तर उद्या हे बी जाईल. शनवार-रयवार मालक येतात म्हनून सुट्टी मंगळवारी. मंगळवारी मी ओढ्याकडं जातो, आनि दगडाच्या अलीकडं बसतो, जानू पलीकडं बसतो. अलीकडं बसलं तर चालतं हो, कुनी काय बोलत नाय, पन मी पलीकडं जात नाय. काठ्या बदलतो, भाकरी खातो.

परवा जानू म्हनाला, दादा, अजून मानसं कमी करनार म्हनतात, तुझ्याकडं माझ्यासाठी कायतरी काम बघ. मी म्हनलं, बघतो. त्याची नोकरी टिकावी, पोरीचं शिक्षन पुरं व्हावं, रोज दिवा लावताना हेच मागतो. आनि नाय टिकली, तर मी त्याला सांगून ठेवलंय, सरकून बसतो रं, अलीकडं जागा हाय.