सातव्या तासाची सही

वडील: परत सांग. घाई न करता. उद्या चौकशी अधिकारी थांबवून थांबवून विचारतील.

मुलगी: नाक्यावर आम्ही एक गाडी अडवली. मी ड्रायव्हरच्या खिडकीशी, ड्यूटीवरचा जोडीदार पलीकडच्या खिडकीशी.

वडील: अडवली का? कायद्याला कारण लागतं.

मुलगी: अहवालात लिहिलंय, ‘चालक घाबरलेला दिसला.’

वडील: खाकी बघून सगळेच घाबरतात. एखादा नाही घाबरला, तर आपण ‘उद्धट दिसला’ लिहितो. हे कारण होत नाही.

मुलगी: आत्ता सांगताय!

वडील: पुढे बोल.

मुलगी: मी म्हटलं, लायसन्स दाखवा. त्याच वेळी जोडीदार तिकडून ओरडला, हात वर! तो माणूस एकदा माझ्याकडे बघतो, एकदा त्याच्याकडे. शेवटी त्यानं माझं ऐकलं. खिशात हात घातला.

वडील: मग?

मुलगी: मग खिशात जाणारा हात बघून मीच काठी हाणली. तीन बोटं मोडली. शिंपी आहे तो, बाबा.

वडील: झडतीत काय सापडलं?

मुलगी: मागच्या सीटवर कात्री. पंचनाम्यात तिचं ‘धारदार शस्त्र’ झालंय. शेजारी माप घ्यायची टेप होती. तिला काही भयंकर नाव सुचेना, म्हणून ती राहिली.

वडील: हसण्यावारी नेऊ नकोस. अगं, एकानं बोलायचं, दुसऱ्यानं नुसती हातांवर नजर ठेवायची. कागद कुठे आहेत ते आधी विचारायचं, मग काढायला सांगायचं. इतकं साधं आहे! पोलीस शाळेत पंचवीस वर्षं घसा फोडतोय मी.

मुलगी: आमच्या तुकडीपुढे नाही फोडलात.

वडील: म्हणजे?

मुलगी: सातवा तास, गाडीच्या झडतीचा. त्याच वेळी हॉलमध्ये मोठ्या साहेबांचा निरोपसमारंभ होता. तुम्ही खुर्च्या लावत होतात आणि आम्ही चाळीस जण फुगे फुगवत होतो.

वडील: तो तास मी नंतर भरून काढणार होतो.

मुलगी: भरलात की. रजिस्टरमध्ये.

वडील: त्यात सही तुझीही आहे.

मुलगी: तुम्हीच म्हणालात, करा रे सह्या, जेवायला उशीर होतोय.

वडील: सगळेच करतात तसं.

मुलगी: आता खातं म्हणतंय, आम्ही शिकवलं, हिनं पाळलं नाही. खातं सुटलं, मी बडतर्फ. बोटं मी मोडली, ते मी नाकारत नाही. पण तास झालाच नाही, एवढं तुम्ही सांगा.

वडील: म्हणजे खोटी नोंद केली, असं मीच कबूल करायचं? निवृत्तीला आठ महिने उरलेत माझ्या.

मुलगी: माझ्या निवृत्तीला उद्याची दुपार.

वडील: आईला बोललीस?

मुलगी: ती म्हणाली, बाबांना विचार, त्यांना कायदा कळतो.

वडील: कळतो, तीच तर पंचाईत आहे.

(मुलगी खुर्ची ओढून टेबलाच्या पलीकडे, त्यांच्या समोर बसते.)

मुलगी: चला, सराव करू. लहानपणी घ्यायचात तसा. मी चौकशी अधिकारी, तुम्ही साक्षीदार.

वडील: पुरे झाली चेष्टा.

मुलगी: गाडी अडवून झडती घेण्याचा सातवा तास या तुकडीला प्रत्यक्षात झाला होता का?

वडील: पाणी दे जरा.

मुलगी: बाबा, हो की नाही?

वडील: रजिस्टर बघून सांगावं लागेल, मॅडम.