संदूक आणि टू-इन-वन

...नको, ते स्टूल तिथेच राहू द्या, माझ्या सोयीसाठी हलवू नका, हात जोडतो! सोय या शब्दाचीच धास्ती घेतलीय मी. काचबिंदूनं डोळे गेल्यापासून या घरात माझी एवढी सोय झालीय, तुम्हाला सांगतो, की आता मला स्वतःचं असं काही करायचंच उरलेलं नाही. मुलगा देवदत्त, रेल्वेत आहे, शहाणा आहे, प्रेमळ आहे, पण काहीही करायचं झालं की आधी करून मोकळा होतो आणि मग मला सांगतो, "तुमच्या सोयीसाठीच, अण्णा."

मी वासुदेव. भूगोलाचा मास्तर. पिढ्यान्पिढ्या आम्ही इथलेच, काशीत दूधविनायकाच्या गल्लीतले. जन्मभर पोरांना नकाशे दाखवले आणि शेवटी मलाच दिसेनासे झाले... आधी कडेचे समुद्र गेले, मग मधला मुलूख. ठीक आहे, गेले. पण वाचन? वाचन कसं सोडायचं? सून हिमानी पेपर वाचून दाखवायची, नाही असं नाही, पण भाजी परतता परतता. "पंतप्रधान म्हणाले की... अहो अण्णा, हे नेहमीचंच आहे, पुढचं वाचते हं." पुढचं म्हणजे काय, तर हवामान! मग दुसऱ्या पानावर तिचा आवाज जड व्हायला लागला की मीच म्हणायचो, पुरे गं, मला आता पडायचंय. पडायचं कुठलं? सकाळी नऊ वाजता कोण पडतं?

आणि संध्याकाळी विश्वेश्वर. माझा शाळेपासूनचा दोस्त, पंचगंगा घाटावर पूजा सांगतो, त्या पायऱ्या चढून धापा टाकत यायचा आणि उरलेला पेपर वाचायचा. त्याची तऱ्हा वेगळी. तो बातमीत स्वतःचं मत मिसळतो. "मंत्रीजी म्हणाले की महागाई काबूत आहे आणि असल्या माणसाला गंगेत उभं करून विचारलं पाहिजे." आता यात मंत्री कुठे संपले आणि विश्वेश्वर कुठे सुरू झाला, मला कसं कळावं? भांडायचो आम्ही. रोज भांडायचो. चहा दोनदा व्हायचा.

तर अशात ते पुस्तकं ऐकवणारं मशीन आलं. इथे अंधांसाठी एक संस्था आहे, तिथला वेणीमाधव वापरापुरतं म्हणून घेऊन आला, त्यांच्याकडे असं एकच होतं. स्वतः जन्मांध, पण या गल्ल्यांतून असा चालतो की दारातल्या सांडाला नाव घेऊन बाजूला हो म्हणतो. मशीन म्हणजे काय सांगू... हे एवढं धूड! हिमानीनं पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, संदूक. पण त्याची बटणं! एक चौकोनी, एक टोकदार, एक मधे खोलगट, बोट ठेवलं की कळलंच पाहिजे. संस्थेनं पुस्तकं वाचून भरलेली कॅसेट निम्म्या चालीनं फिरायची आणि एकीवर आवाजाच्या चार-चार पट्ट्या, म्हणजे अख्खं जाडजूड पुस्तक दोन-तीन कॅसेटांत. बिजली गेली तरी आतल्या बॅटरीवर चालू. बनारसमध्ये ही केवढी गोष्ट आहे, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पहिल्या दिवशी मी एक वाक्य मागे जाऊन पाच वेळा ऐकलं. उगाच! कुणी उसासा टाकला नाही, कुणी "अण्णा, आत्ताच तर वाचलं" म्हटलं नाही. हवं तिथे थांबायचं, हवं तिथे मागे जायचं... खरं सांगतो, त्या दिवशी मी रडलो. दार लावून रडलो.

आणि मग काय झालं? सगळे खूश झाले. हिमानीनं पेपर वाचणं थांबवलं, कशाला वाचेल? आता अण्णांकडे मशीन आहे. विश्वेश्वर यायचा, दारातून कानोसा घ्यायचा, "वासुदेव ऐकतोय, ऐकू दे," म्हणून परत. घरात सगळे चवड्यांवर चालायचे. चहासुद्धा मुकाट्यानं ठेवून जायचे, मला कळायचंच नाही, मी पुस्तकात रंगून हात पसरायचो तो थेट कपात! विचारलं तर म्हणे, "डिस्टर्ब नको म्हणून, तुमच्या सोयीसाठीच." संदूक वाचत होता, मी ऐकत होतो, आणि दिवसच्या दिवस माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. पुस्तकं भरपूर, माणूस एक नाही.

देवदत्ताच्या लक्षात आलं ते. मुलगा वाईट नाही हो. त्याच्या ऑफिसातलं कुणी नेपाळला जात होतं, त्याच्याकडून त्यानं टू-इन-वन मागवला. रेडिओ, दोन कॅसेटा, पुढे लाल-हिरवे दिवे... दिवे माझ्या सोयीसाठी! बटणं सगळी एका रांगेत, एकसारखी गुळगुळीत, पेढे मांडावेत तशी. वाजवायचं कुठलं, पुसायचं कुठलं, काही पत्ता नाही. हिमानीच्या माहेरच्या मंगळागौरीच्या कॅसेटवर मी एका दुपारी माझं खोकणं भरून ठेवलं. त्या आठवड्यात आमटीला चव नव्हती.

पण माणसं आली! हे मान्य केलं पाहिजे. संदूकाला कुणी हात लावत नव्हतं, याला हात लावायला रांग. मॅच असली की अर्धी गल्ली माझ्या पलंगावर. हिमानी तांदूळ निवडायला माझ्या खोलीत बसायची, गाणी लावून. विश्वेश्वर भजनांच्या कॅसेटा घेऊन यायला लागला आणि पुन्हा भांडायला लागला. मी खूश होतो, खोटं कशाला बोलू? फक्त एकच, वाचता येत नव्हतं. संस्थेच्या कॅसेटा या नव्या यंत्रात घातल्या तर दुप्पट वेगानं खारीसारखी चिरचिर, आणि त्याच्याखाली दुसरी पट्टी उलटी वाजतेय! विश्वेश्वरानं ऐकलं आणि गंभीरपणे म्हणाला, "हा मनुष्य भागवत सप्ताह एका दुपारी आटपेल. याला आमच्याकडे पाठव."

म्हणून मी दुपारी, सगळे पांगले की, संदूक काढायचो. एक हिंदी पुस्तक चाललं होतं, हिमालयात नकाशे काढायला गेलेल्या एका सर्व्हेवाल्याचं. भूगोलाचा माणूस मी, मला आणखी काय हवं? त्याचे हमाल परत गेलेत, वाट बंद झालीय, तो एकटा बर्फावर बसलाय, आणि त्याच दुपारी दारावर काठी वाजली. वेणीमाधव. बरोबर एक मुलगी, आवाजावरून कॉलेजातली. म्हणाला, "अण्णा, मशीन न्यायला आलोय."

मी म्हटलं, कुठलं मशीन?

देवदत्तानं परस्पर संस्थेत सांगितलं होतं. आमच्याकडे नवं आलंय, जुनं घेऊन जा. हिमानी मागून हळूच म्हणाली, "खोलीत अडचण होते ना अण्णा, तुम्ही ठेचकाळता... तुमच्या सोयीसाठीच सांगितलं त्यांनी."

माझं डोकंच फिरलं. आयुष्यात वर्गात कधी ओरडलो नव्हतो एवढा ओरडलो. देणार नाही म्हटलं. मी रोज वाचतो यावर. माझ्या यंत्राची विल्हेवाट लावायच्या आधी एकदा मला विचारायला काय झालं होतं?

मग ती मुलगी बोलली. मैत्रेयी नाव. म्हणाली, "काका, मला सांगितलं होतं की हे नुसतं पडून आहे. पडून नसेल तर राहू द्या. माझी परीक्षा आहे, पण आई देते मला वाचून."

मी विचारलं, कसं वाचते आई?

"चांगलं वाचते," ती म्हणाली. "फक्त तिला दिवसभराचं काम असतं. तिचा आवाज जड झाला की मला कळतं. मग मी म्हणते, आई, मला झोप आली."

मी तोंड भिंतीकडे फिरवलं. भिंतीकडे होतं की खिडकीकडे, देव जाणे. मग म्हटलं, ये गं, अशी बस. तिचा हात धरून बटणावर ठेवला. हे टोकदार म्हणजे पुढे. हे खोलगट म्हणजे मागे, हे हळू दाब, जरा अडकतं. एकच वाक्य पाच वेळा ऐकलंस तरी हे मशीन चिडत नाही. ती हसली. तिची बोटं त्या बटणांवरून फिरत राहिली, परत परत, आणि मला तो आवाज ऐकू येत होता.

निघताना वेणीमाधवानं कॅसेट काढून विचारलं, "हे पुस्तक मी ऐकलंय, अण्णा. शेवट सांगू का?"

"नको," मी म्हटलं. "वाचीन कधीतरी."

संदूक गेला. देवदत्त संध्याकाळी आला, सगळं कळलं असणार त्याला, बराच वेळ माझ्याजवळ बसला. आणि त्याला वाटलं, आता अण्णांना शांतता हवी. हवी म्हणून कोण म्हणालं? मी? पण दुसऱ्या दिवशी टू-इन-वन बाहेरच्या खोलीत! "गर्दीचा त्रास होतो तुम्हाला... तुमच्या सोयीसाठीच, अण्णा." त्याच्यामागे मॅच गेली, तांदळाचं सूप गेलं, विश्वेश्वर गेला. मी भिंत चाचपत बाहेर जाऊन बसतो, तर मला पाहून आवाज बारीक करतात आणि उठून खुर्ची देतात! माणसं गप्प करायची असली तर मला बोलवा.

शेवटी मीच देवदत्ताला म्हटलं, जा बाबा, संस्थेत माझं नाव लिहून ये, परीक्षा झाली की मशीन परत मला. गेला. मान खाली घालून गेला. पुढचं वर्ष मी त्या परीक्षेची वाट पाहिली, परीक्षा देणारीनं पाहिली नसेल एवढी. परवा वेणीमाधव आला. म्हटलं, काय रे, झाली का बी.ए.? म्हणाला, झाली, पहिल्या वर्गात. इतका आनंद झाला, हिमानीला शिरा करायला सांगितला, विश्वेश्वरालाही हाक मारली. मग मी विचारलं, आणि मशीन?

"एम.ए.ला बसलीय, अण्णा," तो म्हणाला.

आता काय करता? शिरा खाल्ला आम्ही. पोरगी फार हुशार आहे हो... पीएच.डी. केल्याशिवाय काही राहायची नाही.